शस्त्र हाती घेण्यापूर्वी

आमच्या धाकट्या बंधूंच्या पोटावर मध्यंतरी एक अवघड शस्त्रक्रिया करावी लागली. पहाटेपासून आम्ही घरची चार माणसे रुग्णालयाच्या लांबलचक व्हरांड्यात एका बाकावर बसून होतो. अशा वेळी मनुष्याला करण्यासारखे काहीच नसते. म्हणून तो दिसेल ते पाहतो आणि त्याचा अर्थ लावीत बसतो. समोरच्या खोलीचे दार किंचित उघडे होते. ज्यांच्या हातून शस्त्रक्रिया व्हावयाची ते डॉक्टर आत एका स्टुलावर डोळे मिटून बसले होते. दोन्ही हात मांडीपासून जरा वर उचललेले आणि बोटे मात्र हळूहळू हलत होती. एखादा सतारिया सतार जवळ नसताना गत आठवीत असावा, तशी. ते पाहून आमच्या भावजयीच्या पोटात धस्स झाले. “दादा, डॉक्टरांना झोप लागलीय की काय?” असे ती आमच्या कानाशी कुजबुजली. मावशींनी त्याचा निराळाच अर्थ केला. “झोप कसली! जप चाललाय त्यांचा. देवाचं नाव घेऊन आत जाणारा माणूस बरा,” असे म्हणून त्यांनी स्वतःही डोळे मिटून घेतले.

दोघींचाही तर्क चुकला होता. चार तासांनी डॉक्टर बाहेर आले, सर्व यथास्थित पार पडल्याचे त्यांनी सांगितले, आणि आज बंधू आपल्या कचेरीत नेमाने जात आहेत. पुढे टाके काढण्यासाठी गेलो असता आम्ही धीर करून त्या पाच-दहा मिनिटांविषयी डॉक्टरांना विचारले. ते हसले व म्हणाले, “झोपलो नव्हतो आणि जपही करीत नव्हतो. तुमच्या बंधूंची शस्त्रक्रिया मी तिथे एकदा करून पाहत होतो. आत जाऊन केली ती दुसरी खेप.”

हे उत्तर ऐकल्यापासून या विषयाने आमचा पिच्छा सोडलेला नाही. त्यानंतर जे वाचले व जाणत्यांना विचारून समजून घेतले, ते येथे वाचकांपुढे ठेवीत आहो.

आपल्या घरांतून डॉक्टरीविषयी कमी बोलले जाते असे नाही. मुलास किंवा मुलीस वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळावी म्हणून आईबाप दोन दोन वर्षे जिवाचे रान करतात. पुढे कोणती शाखा घ्यावी याची चर्चा जेवणाच्या पानावर होते. त्या चर्चेत गुण येतात, खर्च येतो, पुढील प्राप्तीही येते. परंतु जिवंत मनुष्याच्या देहावर शस्त्र चालवावयाचे तर मनाची घडण कशी असावी लागते, आणि ती घडण कोण करून देतो, हा प्रश्न त्यात कधी निघाल्याचे आम्हांस स्मरत नाही. शस्त्रवैद्य हा मुळातच घट्ट काळजाचा, रक्त पाहून न विरघळणारा प्राणी, अशी आपली ढोबळ समजूत असते. ही समजूत चुकीची तर आहेच. पण तिने प्रत्यक्ष अपायही होतो, तो कसा हे पुढे येईल.

विल्यम चेसेल्डन (१६८८–१७५२) या इंग्रज शस्त्रवैद्याचे उदाहरण घ्या. मूतखडा काढण्याच्या कलेत त्याच्या तोडीचा मनुष्य त्या काळच्या युरोपात विरळा. भूल देण्याची विद्या तेव्हा नव्हती. १८४६ च्या ऑक्टोबरात बोस्टन येथे ईथरचा प्रयोग यशस्वी झाला, तोपर्यंत रोगी जागा असतानाच सर्व काही उरकावे लागे. सहायकांनी रोग्याला घट्ट धरावयाचे आणि वैद्याने त्याच्या किंकाळ्या ऐकत हात चालवावयाचा. चेसेल्डन हे काम एखाद्या मिनिटात आटोपी. असा हा हातखंडा मनुष्य, शस्त्रक्रियेची वेळ जवळ आली की, आपण आता केवढ्या वेदना देणार या विचाराने कासावीस होई. त्याला अक्षरशः मळमळू लागे. मात्र एकदा शस्त्र हाती घेतले की त्याचा शांतपणा व प्रसंगावधान कधी ढळले नाही, अशी त्याची ख्याती होती. काळीज घट्ट असते तर मळमळण्याचे कारण नव्हते. भीती खोलीबाहेर ठेवून आत जाण्याचे त्याला साधले होते, असेच म्हणावे लागते.

संस्कृतज्ञ वाचकांस येथे सुश्रुतसंहितेची आठवण होईल. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात शस्त्रकर्म करणाऱ्या वैद्याचे गुण सांगताना शौर्य, हाताची चपळाई आणि शस्त्राची धार यांच्या जोडीला आणखी तीन गोष्टी घातल्या आहेत: अंगास घाम न सुटणे, हातास कंप नसणे आणि बुद्धीस मोह न पडणे. हे स्थळ आम्ही पूर्वीही वाचले होते, परंतु एक ठरावीक गुणवर्णन म्हणून ओलांडून गेलो होतो. आता पुन्हा पाहता ध्यानात येते की, घाम, कंप आणि मोह ही आजचे शरीरशास्त्र ज्यास ताण म्हणते त्याचीच लक्षणे होत. ती नसावीत असे ज्याने लिहून ठेवले, त्याने ती आपल्या शिष्यांच्या ठायी, कदाचित स्वतःच्याही ठायी, प्रत्यक्ष पाहिली असली पाहिजेत.

त्यावर योजलेला उपायही त्याच ग्रंथात आहे. नवव्या अध्यायात शिष्याकडून कसा सराव करून घ्यावा हे सांगितले आहे. कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी यांवर छेद घेण्यास शिकावयाचे. पाणी व चिखल भरलेल्या कातडी पिशव्यांवर भेद. केसाळ कातड्यावर खरवडणे. मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर वेध. जाड व तलम वस्त्रांच्या काठांवर शिवण. आणि माणसाच्या पुतळ्यावर पट्टी बांधणे. शास्त्रे पुष्कळ पढलेला असला तरी ज्याने हा सराव केला नाही तो प्रत्यक्ष कर्मास अपात्र, असे तेथे स्पष्ट बजावले आहे. आमच्या स्वयंपाकघरांत रोज विळीवर येणारी ही फळे एके काळी शस्त्रवैद्यांच्या पाठशाळेतील धुळाक्षरांच्या पाट्या होत्या, हे आमच्या गृहिणींस सांगावयास हरकत नाही.

हाताच्या या सरावाचा मनाशी संबंध काय, असे कोणी विचारील. भयाच्या प्रसंगी मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलिन नावाचा स्राव रक्तात उतरतो. नाडी जलद होते, तळवे ओलावतात, बोटांस बारीक कंप सुटतो. वाघापासून पळावयाचे असेल तर ही तयारी उत्तम. परंतु केसाएवढ्या बारीक धाग्याने रक्तवाहिनी शिवणाऱ्यास तिचा उपयोग काय? त्याहून घातक गोष्ट अशी की, लक्ष आकुंचित होते. ते एका बिंदूवर खिळते, बाजूचे दिसत नाही, शेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेने सांगितलेले कानावर पडूनही आत शिरत नाही. अर्थात ताण मुळीच नसावा असेही नाही. १९०८ साली यर्क्स व डॉडसन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, थोड्या उत्तेजनाने शिकणे सुधारते, फार झाले तर बिघडते. आणि काम जितके अवघड तितके थोडक्या उत्तेजनानेही ते बिघडू लागते. शस्त्रक्रियेइतके अवघड काम दुसरे कोणते सांगावे? ज्याचा हात सरावलेला आहे त्याला प्रत्येक गाठ नव्याने आठवावी लागत नाही; त्याच्या मनाचा पुष्कळसा भाग रिकामा राहतो, आणि अनपेक्षित घडले तर तो रिकामा भाग कामी येतो.

आता त्या स्टुलावरच्या दहा मिनिटांकडे वळू. आमच्या डॉक्टरांनी आपली रीत आम्हांस सविस्तर सांगितली, ती अशी. आदल्या रात्री ते रोग्याच्या पोटाची यंत्राने काढलेली चित्रे पुन्हा पाहतात. पूर्वीच्या एखाद्या शस्त्रक्रियेने आत काही चिकटले असेल काय, रक्तवाहिन्या नेहमीच्या जागी आहेत की एखादीने वाकडी वाट धरली आहे, हे मनात टिपून ठेवतात. सकाळी हात धुण्यापूर्वी डोळे मिटून पहिल्या छेदापासून शेवटच्या टाक्यापर्यंत सारी क्रिया क्रमाने मनात चालवितात. केवळ दृश्य पाहून भागत नाही. चिमट्याची पकड, धाग्याचा ताण हेदेखील बोटांस जाणवले पाहिजे, असे ते म्हणाले. “आणि मग,” ते सांगू लागले, “मी मुद्दाम बिघडवतो. इथे रक्त उसळले असे धरतो. बोट कुठे दाबीन, कोणाला काय मागेन, भूल देणाऱ्या डॉक्टरांना कोणत्या शब्दांत सांगेन, सगळे ठरवतो. शेवटी, कुठपर्यंत गेल्यावर पुढे जायचे नाही आणि परत फिरायचे, हेही ठरवून ठेवतो. कारण आत असताना परत फिरणे फार जड जाते.”

या शेवटच्या वाक्यावर आम्ही बराच वेळ विचार केला. हाती घेतलेले काम तडीस नेणे हा गुण म्हणून आपण मुलांस शिकवितो. शस्त्रक्रियेत मात्र अर्ध्या वाटेवरून परतण्याचे धैर्य कधी कधी अधिक मोलाचे ठरते, आणि ते धैर्य ऐन वेळी सुचत नाही, आधीच बांधून न्यावे लागते.

हा काही एका डॉक्टरांचा लहरी छंद नाही. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील सोनल अरोरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली या रीतीची परीक्षा प्रसिद्ध केली. वीस नवशिके शस्त्रवैद्य घेऊन त्यांचे दोन गट केले. पित्ताशय काढण्याची क्रिया शिकविणाऱ्या कृत्रिम यंत्रावर सर्वांनी काम करावयाचे होते. एका गटाने मात्र प्रत्येक वेळी आधी अर्धा तास तीच क्रिया मनात घोळवावयाची. मनात घोळविणाऱ्यांचे काम अधिक चांगले उतरले. इतकेच नव्हे, तर त्यांच्या नाडीचे ठोके आणि कॉर्टिसॉल हा ताणाचा निदर्शक स्रावही कमी भरला. वीस जणांवरून आणि तेही यंत्रावरच्या कामावरून फार मोठा सिद्धांत उभारू नये, हे आम्ही जाणतो. तथापि ज्या साधनास पैसा लागत नाही, औषध लागत नाही, केवळ अर्धा तास आणि एक शांत कोपरा लागतो, ते शिकविण्यास एवढा पुरावा आम्हांस पुरेसा वाटतो.

पित्ताशयाचा उल्लेख आलाच आहे, तर त्याची आणखी एक हकीकत सांगण्यासारखी आहे. दुर्बिणीने पित्ताशय काढताना कधी कधी भलतीच नळी कापली जाते; पित्ताशयाच्या आखूड नळीऐवजी यकृतातून आतड्याकडे जाणारी मुख्य पित्तनलिका तुटते आणि रोग्याचे पुढील आयुष्य कष्टमय होते. अमेरिकेत लॉरेन्स वे व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २५२ अपघातांची छाननी करून २००३ साली निष्कर्ष मांडला. शंभरांपैकी सत्त्याण्णव प्रसंगी मूळ कारण हाताचे अकौशल्य हे नव्हते, दृष्टिभ्रम हे होते. शस्त्रवैद्यास ती नळी खरोखरच दुसरी नळी म्हणून दिसली. वेदान्तातील रज्जुसर्पाचा दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकत आलो. येथे तो शस्त्रक्रियागृहात, प्रखर दिव्याखाली घडत होता. भ्रमाचा स्वभावच असा की, तो असेपर्यंत तो भ्रम वाटत नाही. म्हणून ‘नीट लक्ष द्या’ या उपदेशाचा तेथे उपयोग नसतो. सेंट लुईस येथील स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ साली निराळा मार्ग आग्रहाने पुढे मांडला होता: पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून मोकळा करून तेथील सारी चरबी व तंतू दूर करावेत, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोन व दोनच वस्तू उघड्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय काहीही कापू नये. शांत मनाने घातलेला हा निर्बंध अशांत मनाला आवरतो. नियमाचे महत्त्व आम्हांस या उदाहरणाने जितके पटले तितके कोणत्याही व्याख्यानाने पटले नव्हते.

याच तत्त्वाचा सर्वांत मोठा प्रयोग ज्यांच्या नावाशी जोडला गेला, ते बोस्टनचे शस्त्रवैद्य अतुल गावंडे आपल्याकडच्या मुळाचे आहेत. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे, पुढे अमेरिकेतील ओहायो राज्यात मूत्ररोगांचे शस्त्रवैद्य झाले. गावंडे यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एकोणीस बाबींची एक यादी तयार केली. भूल देण्यापूर्वी, पहिल्या छेदापूर्वी आणि रोगी खोलीबाहेर नेण्यापूर्वी असे तीनदा सर्वांनी थांबावयाचे आणि यादी मोठ्याने वाचावयाची. रोगी तोच ना, बाजू तीच ना, रक्ताची तजवीज आहे ना, पट्ट्या व सुया मोजून बरोबर भरल्या ना, असे त्यातील प्रश्न पाहून पुष्कळ ज्येष्ठ शस्त्रवैद्यांस तो आपला अपमान वाटला. दिल्लीसह जगातील आठ शहरांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आणि मोठ्या उपद्रवांचे शेकडा ११ वरून ७ वर आल्याचे १९०९ च्या नव्हे, अगदी अलीकडच्या, २००९ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. एवढी साधी गोष्ट सुचण्यास इतकी वर्षे लागावीत याचेच आम्हांस नवल वाटते.

त्या यादीतील एक बाब आमच्या विषयाच्या दृष्टीने विशेष आहे. छेद घेण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावयाचे. वरवर पाहता हा निव्वळ उपचार वाटतो. परंतु ज्या तरुण परिचारिकेने एकदा सर्वांसमोर स्वतःचे नाव उच्चारले, तिला पुढे काही चुकते आहे असे दिसल्यास तोंड उघडणे सोपे जाते. आणि सर्व भार आपल्या एकट्याच्या शिरावर नाही, ही जाणीव शस्त्रवैद्याच्या मनावरचे ओझे हलके करते. ज्याला एकट्याने सर्व काही जाणावे लागते, त्याचा हात अधिक लवकर कापतो.

गावंडे यांनी २०११ साली आणखी एक गोष्ट लिहून आपल्या व्यवसायबंधूंना चकित केले. आपली प्रगती थांबल्यासारखी वाटू लागली, तेव्हा त्यांनी आपल्या एका निवृत्त गुरूंना शस्त्रक्रियागृहात येऊन नुसते पाहत राहण्याची विनंती केली. गुरूंनी टिपणे काढली: कोपर फार उंच जाते, दिव्याचा झोत जखमेवरून सरकला होता तरी लक्षात आले नाही. कीर्ती मिळालेल्या मनुष्याने पुन्हा गुरूच्या नजरेखाली उभे राहणे आपल्याकडच्या गवयांना नवीन नाही. डॉक्टरांना मात्र ते नवीन होते.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया चालू असतानाच्या उपायांविषयी थोडक्यात सांगतो. टोरांटो येथील कॅरल-ॲन मोल्टन यांनी अनुभवी शस्त्रवैद्यांचा अभ्यास करून दाखविले की, धोक्याची जागा येताच जाणूनबुजून वेग कमी करणे, संभाषण थांबविणे, ही त्यांच्या निष्णातपणाचीच खूण होय. जर्मनीतील हानोव्हर येथे मुलांच्या लांबलेल्या दुर्बीण-शस्त्रक्रियांत दर पंचवीस मिनिटांनी पाच मिनिटे विसावा घेऊन पाहिला. वेळ वाढला नाही, शस्त्रवैद्याच्या शरीरातील ताणाचे स्राव मात्र उतरले. उच्छ्वास लांबवीत सावकाश श्वास घेण्याने नाडी मंदावते, हे प्राणायामाचा परिपाठ असलेल्या घरांस आम्ही काय सांगावे? फक्त त्याची सवय शांत काळी केलेली असावी लागते.

परंतु ज्या भागाविषयी लिहावे म्हणून आम्ही लेखणी उचलली, तो शस्त्रक्रियेच्या नंतरचा आहे. विल्यम ऑस्लर या थोर वैद्याने १८८९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील नव्या पदवीधरांपुढे केलेल्या भाषणात समचित्ततेचा पुरस्कार केला. ते भाषण वैद्यकाच्या विद्यार्थ्यांत आजही वाचले जाते. गीतेतील समत्व ज्यांच्या परिचयाचे आहे त्यांना त्यातील विचार परका वाटणार नाही. तथापि समचित्ततेचा अर्थ पुष्कळांनी ‘काही वाटू न देणे’ असा केला, आणि काही वाटले तर ते कोणास कळू न देणे, असा त्याचा आचार झाला. फ्रेंच शस्त्रवैद्य रने लेरीश यांनी १९५१ च्या आपल्या ग्रंथात, हातून दगावलेल्या रोग्यांच्या स्मृतीला शस्त्रवैद्याच्या अंतरातील स्मशानाची उपमा दिली. निष्णातातल्या निष्णाताच्या हातूनही काही रोगी जातात. त्यांपैकी काहींच्या बाबतीत कोणाचाच इलाज नसतो. आणि काहींच्या बाबतीत, आपण निराळे केले असते तर, हा प्रश्न जन्मभर उरतो. अमेरिकेतील आल्बर्ट वू यांनी २००० साली अशा डॉक्टरास त्याच चुकीचा ‘दुसरा बळी’ म्हटले. पहिला बळी अर्थात रोगी व त्याचे कुटुंब. त्यांच्या दुःखाची बरोबरी येथे कोणी करू पाहत नाही.

या दुसऱ्या बळीचे काय होते, ते आकड्यांनी सांगितलेले बरे. अमेरिकेतील ७,९०५ शस्त्रवैद्यांनी एका पाहणीस उत्तरे दिली. टेट शानाफेल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २०११ साली प्रसिद्ध केली. मागील वर्षभरात जीव देण्याचा विचार मनात येऊन गेला असे त्यांपैकी ५०१ जणांनी सांगितले. त्या ५०१ पैकी मनोवैद्याकडे किंवा तत्सम जाणकाराकडे गेले केवळ १३०. आणि ३०१ जणांनी, अशी मदत घेतल्यास आपल्या परवान्यावर गदा येईल, ही भीती बोलून दाखविली. घट्ट काळजाच्या समजुतीने होणारा अपाय आम्ही वर म्हटला तो हाच. ज्याला मुळी दुखतच नाही असे जग धरून चालते, त्याने आपले दुखणे सांगावे कोणापाशी?

आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडली आहे. रोगी बरा झाला की आपण डॉक्टरांस देव म्हणून पेढे देतो. आणि न झाला तर त्याच देवावर हात टाकणारी माणसेही आपल्यातच आहेत. असे हल्ले थांबावेत म्हणून महाराष्ट्रात २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला. तरीही २०१७ च्या मार्चमध्ये धुळ्यास एका निवासी डॉक्टरास झालेल्या मारहाणीनंतर राज्यभर निवासी डॉक्टरांनी काम थांबविले होते. ज्यांच्यावर राग काढला जातो ते बहुधा वरिष्ठ नसतात. रात्रभर जागलेली पंचवीस-सव्वीस वर्षांची मुले असतात. त्यांच्या कामाच्या तासांस आठवड्यास ७४ ची मर्यादा असावी, आठवड्यातून एक दिवस सुटी मिळावी आणि रोज सात-आठ तास झोप मिळावी, अशी शिफारस राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने २०२४ साली केली. म्हणजे मर्यादा घालूनही ७४! न झोपलेल्या मनुष्याने डोळे मिटून स्टुलावर बसावे, तर तो आमच्या भावजयीची शंकाच खरी करील.

ज्यांच्या घरी असा मुलगा, मुलगी, सून किंवा जावई आहे, त्या वाचकांस एवढेच विनवितो की, तो घरी आल्याबरोबर ‘आज किती केस?’ असा हिशेब विचारू नये, आणि सकाळी निघताना घरातील भांडण त्याच्या डब्यासोबत बांधून देऊ नये. तो गप्प असेल तर काही काळ गप्प राहू द्यावे. परंतु आठवड्यांमागून आठवडे झोप नाही, खाणे नाही, स्वतःविषयी तिटकाऱ्याची भाषा, असे दिसले तर मानापमानाचा विचार न करता त्याला मनोवैद्याकडे न्यावे. ज्या मोठ्या रुग्णालयांत झालेल्या मृत्यूंची चर्चा दोष देण्यासाठी न होता शिकण्यासाठी होते, आणि जेथे प्रमुख डॉक्टर स्वतःची चूक प्रथम सांगतात, तेथील तरुण डॉक्टर आपली चूक लपवीत नाहीत, असे आम्हांस एकाहून अधिक जणांनी सांगितले. आमच्या मते हा एक परिपाठ सर्वत्र पडला तर पुष्कळ साधेल.

आमच्या डॉक्टरांच्या घरी नंतर एकदा आभार मानण्यासाठी गेलो होतो. पुरुष मंडळी बाहेर बोलत असताना आमच्या सौभाग्यवतींनी आत त्यांच्या पत्नीस विचारले की, असा दिवस कसा गेला हे तुम्हाला कळते तरी कसे? त्या म्हणाल्या, “मी विचारीतच नाही हो वहिनी. हे आले की पान वाढते. ह्यांनी आमटी पुन्हा मागितली की मी समजते. नाही मागितली, तर मुलांना घेऊन आतल्या खोलीत जाते. मग रात्री केव्हातरी हे आपण होऊन बोलायला लागतात. रोग्याचं नाव कधी सांगत नाहीत. ‘आजचा मुलगा’, ‘आजच्या आजी’ असंच म्हणतात. मला त्यातलं निम्मं कळत नाही, पण मी ऐकते.”

“आणि आमच्या भावोजींच्या दिवशी?” सौभाग्यवतींनी विचारले.

त्यांनी क्षणभर आठवून पाहिले आणि त्या हसल्या. “त्या दिवशी मला आमटी उरली नाही.”